उसन्या पैशाला धीर नसतो

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं की विष्णुपुरी येते. बाहेरच्यांना हे नाव धरणामुळे ठाऊक असतं : गोदावरीवरचा शंकरसागर जलाशय आणि त्यावरची उपसा सिंचन योजना. पण या पट्ट्यात पाण्याइतकंच मोलाचं आणखी एक साधन आहे, ते म्हणजे पगार. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा तीन मोठ्या संस्था इथे आहेत. मराठवाड्यात महिन्याच्या महिन्याला खात्यावर पडणारी रक्कम ही साधी गोष्ट नव्हे. दहा एकर कोरडवाहूच्या मालकाला बँकेच्या चार चकरा मारूनही जे कर्ज मिळत नाही, ते पगारपत्रक असलेल्या माणसाला बसल्या जागी फोनवर मिळतं, तेही तारणाशिवाय.

नांदेड काय, लातूर काय, अशा सहज मिळालेल्या कर्जातला काही पैसा गेल्या पाच-सहा वर्षांत शेअर बाजाराकडे वळला आहे. कर्जाच्या अर्जावर मात्र ते दिसत नाही. 'कर्जाचे कारण' या रकान्यात घरदुरुस्ती, लग्न, शिक्षण, आजारपण अशी मानाची कारणं लिहायची रीत आहे. 'शेअर घेण्यासाठी' असं लिहिणारा अजून जन्माला यायचा आहे.

यावरचं प्रवचन तयारच असतं : ऋण काढून सण करू नये, कर्ज काढून जुगार तर मुळीच खेळू नये. मला हे प्रवचन अपुरं वाटतं. कर्ज म्हणजे पाप असं ते गृहीत धरतं, आणि मराठवाडा तर कर्जावरच उभा आहे. मृगात पीककर्ज उचलणारा शेतकरी पावसावर, अळीवर आणि दिवाळीच्या सुमारास मिळणाऱ्या भावावर एकाच वेळी पैज लावत असतो. स्वतःचे पाच लाख आणि बँकेचे वीस लाख घालून फ्लॅट घेणारा प्राध्यापक आपल्या भांडवलाच्या पाचपट किमतीची मालमत्ता अंगावर घेतो. त्याला कुणी जुगारी म्हणत नाही, उलट वास्तुशांतीला जेवायला जातात. मग तोच माणूस एक लाखाच्या जोरावर चार लाखांचे शेअर घेतो तेव्हा आपल्या कपाळाला आठ्या का पडतात? हा प्रश्न बाजारात उतरलेली तरुण मुलं विचारतात, आणि तो हुशारीचा प्रश्न आहे. 'शेअर म्हणजे सट्टा' एवढ्या उत्तराने त्यांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

माझं उत्तर असं आहे. फ्लॅट, पीक आणि शेअर या तिन्हींच्या किमती वरखाली होतात. फरक आहे तो किंमत खाली आल्यावर सावकार काय करू शकतो यात. फ्लॅटची किंमत रोज कुठल्या फलकावर लागत नाही. हप्ता जातोय तोवर बँकेला त्या फ्लॅटचा आजचा भाव जाणून घेण्यात रस नसतो. मंदीच्या पाच वर्षांत तो भाव वीस टक्क्यांनी उतरला तरी मालकाला ते कळतसुद्धा नाही. तो तिथे राहतो, मुलं शाळेत जातात. पीककर्जाचं तर आणखी पुढचं. दुष्काळ पडला, पैसेवारी पन्नासच्या आत आली, तर कर्जाचं पुनर्गठन होतं. तेही नाही झालं तर 'नवं-जुनं' आहेच. मार्चअखेर कुठून तरी दोन दिवसांसाठी पैसे आणायचे, जुनं कर्ज भरलेलं दाखवायचं, लगेच नवं उचलायचं आणि आणलेले पैसे परत करायचे. त्या दोन दिवसांच्या पैशावर खासगी सावकार किती शेकडा लावतो हा स्वतंत्र आणि कुरूप विषय आहे. तरीही या सगळ्या खटाटोपातून शेतकऱ्याला एक गोष्ट विकत मिळते : आणखी एक हंगाम. शिवाय २००८, २०१७ आणि २०१९ या सालांनी गावोगाव रुजवलेली कर्जमाफीची आशा असतेच. ती चांगली की वाईट, यावर वाद घालता येईल. पण ती आहे.

शेअरवर उचललेल्या कर्जात हे काहीच नाही. ब्रोकरच्या ॲपवर 'एमटीएफ' नावाचं एक बटण असतं, मार्जिन ट्रेडिंग फॅसिलिटी. समजा तुम्ही एक लाख घातलेत, ब्रोकरने तीन लाख घातले आणि चार लाखांचे शेअर आले. ते शेअर तुमच्याच डिमॅट खात्यात दिसतात, पण ब्रोकरकडे गहाण असतात. भाव दहा टक्के उतरला की शेअरची किंमत तीन लाख साठ हजार होते. कर्ज मात्र तीन लाखच राहतं, म्हणजे तुमच्या लाखातले साठ हजार उरले. ब्रोकरला आता किमतीच्या पंचवीस टक्के, म्हणजे नव्वद हजार तुमच्या बाजूने हवे असतात. तीस हजार आणा, असा निरोप येतो. आणले तर ठीक, नाही आणले तर तो तुम्हाला न विचारता शेअर विकतो. तसा अधिकार खातं उघडताना तुम्हीच त्याला दिलेला असतो, न वाचलेल्या पानांवर सही करून, किंवा हल्ली सहीऐवजी ओटीपी टाकून.

शेअर बाजारात पैसा लावणारा स्वतःच्या पैशाबरोबर एक हक्क घेऊन येतो : आपल्याला पटेल तोवर वाट पाहण्याचा. कर्ज काढणारा तो हक्क सावकाराकडे गहाण टाकतो. तारण म्हणून तो शेअर ठेवतोय असं त्याला वाटतं, खरं तारण वेळ असतं.

याचा पुरावा म्हणून एकच आठवडा पुरेसा आहे. ३ जून २०२४ ला, लोकसभेच्या एक्झिट पोलनंतरच्या सोमवारी, निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त चढून २३,२६३ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी मतमोजणी होती. दिवसअखेर निफ्टी सुमारे सहा टक्के घसरून २१,८८४ वर आला आणि पीएफसी, आरईसी यांसारख्या सरकारी कंपन्यांचे शेअर त्या एका दिवसात वीस टक्क्यांहून जास्त खाली गेले. शुक्रवारी, ७ जूनला, निफ्टी २३,२९० वर होता, सोमवारपेक्षा वर. स्वतःच्या पैशाने निर्देशांकाचा फंड घेऊन बसलेल्या माणसाने मंगळवारी टीव्ही पाहिलाच नसता, तर त्याच्या आयुष्यात त्या आठवड्यात काहीही घडलं नसतं. सोमवारी चौपट उचल करून सरकारी कंपन्यांचे शेअर घेतलेल्या माणसाचे मात्र एका दिवसात भांडवलाचे ऐंशी टक्के गेले, आणि वरची रक्कम भरायला जमली नाही तर शेअरही गेले. बाजार वर आला तेव्हा तो बाजारात नव्हता. दोघांचा अंदाज एकच होता आणि तो बरोबरही ठरला असता.

मोठ्या पडझडीतही चित्र हेच दिसतं, फक्त वाट पाहण्याचा काळ लांबतो. २३ मार्च २०२० ला निफ्टी ७,६१० वर आला आणि नोव्हेंबरात जानेवारीच्या पातळीच्या वर गेला. २००८ च्या जानेवारीत २०,८७३ वर असलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,१६० पर्यंत आला आणि पुन्हा तिथे पोचायला २०१० ची दिवाळी उजाडली. पावणेतीन वर्षं. उसन्या पैशाला इतका धीर कुठला?

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर माझाही युक्तिवाद प्रवचनाच्या अंगाने जाईल. वाट पाहता आली म्हणजे फायदा होतोच असं नाही. त्याचा धडा आपल्याला शेअर बाजाराने नव्हे, सोयाबीनने दिला. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे : बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी उचलायची आणि भाव वाढेल तेव्हा विकायचं. नीट पाहिलं तर हीसुद्धा किमतीवर काढलेली उचलच आहे, फक्त सभ्य. रोज दुपारी मार्जिन मागणारं इथे कुणी नाही. २०२१ च्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं. त्यानंतर ज्यांनी नवा माल 'दहा हजार आल्याशिवाय काढायचा नाही' म्हणून घरात, गोदामात दाबून ठेवला, त्यांच्यापैकी कित्येकांनी तो पुढे निम्म्या भावाने विकला. त्या डिसेंबरात सेबीने सोयाबीनचे वायदेही थांबवले, त्यामुळे पुढच्या महिन्यांच्या भावाचा जो काही अंदाज फलकावर दिसायचा तोही गेला. २०२४ च्या हंगामात तर हमीभाव ४,८९२ असताना बाजार त्याच्या बराच खाली होता. या शेतकऱ्यांकडे वाट पाहण्याचा हक्क होता, तो त्यांनी वापरला, आणि तरी नुकसान झालं.

म्हणजे धीर ही आवश्यक गोष्ट आहे, पुरेशी नाही. आपण कशाची वाट पाहतो आहोत, हे वेगळं तपासावं लागतं. पोत्यातलं सोयाबीन पडून राहिलं की वजनात घटतं, नवा हंगाम आला की जुना माल ठरतं. चांगली कंपनी त्या काळात धंदा करत असते, नफा मिळवत असते. वाईट कंपनी मात्र सोयाबीनपेक्षाही लवकर कुजते. कर्ज काढणाऱ्याचं दुर्दैव असं, की त्याला हे तपासायला लागणारा वेळही नसतो. त्याच्या डोळ्यासमोर भाव असतो, ताळेबंद नसतो.

मुंबईने हे सगळं एकदा भव्य प्रमाणावर करून पाहिलं आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशावर बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजार रुपये भरणा झालेला शेअर पन्नास हजारांवर गेला. आधी बँक ऑफ बॉम्बेला शेअरच्या तारणावर कर्ज द्यायला बंदी होती. १८६३ च्या कायद्याने ती उठली. मग बँकेचा पैसा शेअरवर आणि शेअर बँकेत तारण, असं चक्र फिरू लागलं. त्याच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद होते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा राहिला, एवढी एक चांगली खूण त्या वेडाने मागे ठेवली. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणी राज्यांचा जनरल ली शरण आला, यादवी संपत आली आणि कापूस कोसळला. वायद्यांचे सौदे पुरे करण्याची तारीख होती १ जुलै १८६५. त्या दिवशी कुणाकडेच पैसे नव्हते, कारण प्रत्येकाचे पैसे दुसऱ्याकडून यायचे होते. पुढे बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली.

या प्रकरणातून लोक सहसा हाव वाईट एवढाच धडा घेतात. मला वेगळीच गोष्ट खुपते. बॅक बेचा समुद्र हटवून जमीन काढायची ही कल्पना वेडगळ नव्हती. विसाव्या शतकात ती काढली गेलीच, आणि आज मरीन ड्राइव्ह व नरिमन पॉइंट त्याच उपसागराच्या भरावावर उभे आहेत. देशातल्या सर्वांत महाग जमिनींत त्यांची गणना होते. १८६५ च्या सटोडियांना भविष्य दिसलं होतं, फक्त त्यांची मुदत १ जुलैला संपत होती.

शंभर-सव्वाशे वर्षांनी मुंबई शेअर बाजारात 'बदला' होता : सौदा पुरा करायचा नसेल तर व्याज देऊन तो पुढच्या सेटलमेंटला ढकलायचा. शेतकऱ्याच्या नवं-जुनंचा हा दलाल स्ट्रीटवरचा भाऊबंद. २००१ च्या पडझडीनंतर सेबीने बदला बंद केला. आज त्याची जागा एमटीएफ आणि वायदे-ऑप्शन्सने घेतली आहे, आणि ती जुन्या पद्धतीपेक्षा नि:संशय स्वच्छ आहे. मार्जिन आधी घेतलं जातं, गहाणाची नोंद डिपॉझिटरीकडे होते, ब्रोकर बुडाल्याने बाजार बुडण्याचा धोका कमी झाला आहे. पण ही व्यवस्था कुणाला सुरक्षित करते, हे लक्षात घ्या. ती सावकाराला ऋणकोपासून वाचवते. ऋणकोला स्वतःपासून वाचवणं हे तिचं कामच नाही.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत सशक्त युक्तिवाद. येल विद्यापीठाच्या इयान आयर्स आणि बॅरी नेलबफ यांनी २०१० च्या पुस्तकात म्हटलं, की तरुणांनी कर्ज काढून शेअर घ्यावेत. पंचविशीतल्या माणसाची खरी संपत्ती म्हणजे पुढच्या पस्तीस वर्षांचा पगार, पण बाजारात त्याचे असतात जेमतेम पन्नास हजार. पन्नाशीत त्याच्याकडे पैसा येतो, तेव्हा सगळी जोखीम शेवटच्या दहा वर्षांत साठते. त्यापेक्षा तारुण्यात दुप्पट उचल करून जोखीम सगळ्या वर्षांत पसरवावी. हा विचार चलाख आहे, आणि मला तो चुकीचाही वाटत नाही. फक्त त्याला दोन अटी आहेत : कर्ज स्वस्त हवं आणि पगार पक्का हवा. दुसरी अट विष्णुपुरीतल्या कायम नोकरीवाल्याला लागू पडते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला ती लागू नाही, आणि नव्या पिढीत तेच जास्त. पहिली अट इथे कुणालाच लागू पडत नाही.

हिशेब करून पाहू. पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज, तेरा टक्के, पाच वर्षं : महिन्याचा हप्ता साधारण ११,३७७ रुपये. एका माणसाने हे कर्ज काढून पाच लाख एकदम निर्देशांकात घातले. दुसऱ्याने कर्ज न काढता तेवढ्याच ११,३७७ रुपयांची एसआयपी लावली. दोघांच्या खिशातून दरमहा जाणारी रक्कम सारखीच. बाजार पाचही वर्षं कर्जाच्या दराने, म्हणजे चक्रवाढ धरून वर्षाला पावणेचौदा टक्क्यांच्या सुमाराने वाढला, तर दोघे बरोबर एकाच ठिकाणी पोचतात. कर्जवाला पुढे जायचा तर बाजाराने त्याहून जास्त द्यायला हवं, आणि नेमक्या त्याच पाच वर्षांत. आपल्या बाजाराचा दीर्घकाळचा सरासरी परतावा याच आसपास किंवा थोडा खाली घुटमळत आला आहे. म्हणजे सगळं ठीक झालं तर बरोबरी. आणि मध्येच आईचं ऑपरेशन निघालं तर दुसरा एसआयपी बंद करतो, पहिल्याचा हप्ता चालूच. एमटीएफवर तर दर ब्रोकरप्रमाणे साधारण नऊपासून अठरा टक्क्यांपर्यंत. वरच्या उदाहरणातल्या तीन लाखांवर पंधरा टक्क्यांनी वर्षाचं व्याज पंचेचाळीस हजार होतं. तुमच्या एका लाखाच्या तुलनेत ते पंचेचाळीस टक्के झालं. चार लाखांचे शेअर सव्वाअकरा टक्के वाढतात तेव्हा तुम्ही जिथे होता तिथेच असता.

याहून वाईट प्रकार म्हणजे उचलीवर उचल : वैयक्तिक कर्ज काढायचं आणि त्यातून ऑप्शन्स घ्यायचे. ऑप्शन हे स्वतःच एक प्रकारचं भाडेपट्ट्यावरचं धाडस असतं, आणि साप्ताहिक ऑप्शनला दिवस मोजके. कर्जाची मुदत साठ महिने, त्यातून घेतलेल्या वस्तूची मुदत येत्या मंगळवारपर्यंत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेले आकडे प्रसिद्ध आहेत : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. त्याच अहवालातले दोन आकडे मला जास्त बोलके वाटतात. यातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांचं जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत होतं, आणि सत्तर टक्क्यांहून अधिक लोक पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. म्हणजे नांदेड-लातूरसारख्या गावांचे. त्यानंतर नियम कडक झाले, कराराचा आकार वाढवला, साप्ताहिक मुदती कमी केल्या. तरी २०२४-२५ मध्ये ९१ टक्के तोट्यातच होते. जाळ्याची भोकं लहान केली म्हणून मासे शहाणे होत नाहीत.

जोखीम सांभाळण्याचा सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे स्टॉपलॉस. तो उपयोगी आहे, पण त्याच्यावर लोकांची श्रद्धा त्याच्या कुवतीपेक्षा मोठी आहे. तुम्ही शंभरच्या शेअरला पंचाण्णववर स्टॉपलॉस लावलात आणि सकाळी तो अठ्ठ्याऐंशीवरच उघडला तर तुमचा माल अठ्ठ्याऐंशीला विकला जातो. खालच्या सर्किटला अडकला तर तोही विकला जात नाही, रांगेत उभा राहतो. २३ मार्च २०२० च्या सकाळी अख्खा बाजारच दहा टक्के पडून पाऊण तास बंद होता. शिवाय स्टॉपलॉस म्हणजे वाट पाहण्याचा हक्क आपण होऊन आधीच सोडून देणं. ज्याचा सगळा भरवसा वाट पाहण्यावर आहे, त्याच्यासाठी तो औषध नव्हे.

म्हणून मला जोखीम सांभाळणं म्हणजे मुख्यतः एकाच प्रश्नाचं उत्तर काढणं वाटतं : किती पडझड झाली तरी मला कुणी विकायला लावणार नाही? आणि हे कर्ज घेण्याआधी, शांतपणे, कागदावर. समजा तुमच्याकडे चार लाखांचे फंड आहेत आणि सावकार किमतीच्या निम्म्यापर्यंत कर्ज देतो. दोन लाख उचललेत तर पहिल्याच घसरणीला फोन येईल. ऐंशी हजार उचललेत आणि २००८ सारखी साठ-एकसष्ट टक्के पडझड झाली, तर फंडांची किंमत दीड लाखाच्या थोडी वर उरेल आणि निम्मी मर्यादा अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास येईल. तेव्हाही फोन येईल, पण दोनेक हजारांसाठी. साठ हजारच उचलले असतील तर फोन येणारच नाही. म्हणजे देऊ केलेल्या दोन लाखांपैकी तिसरा हिस्सादेखील नाही. इतक्या कमी उचलीत मजा काय, असं कुणी विचारेल. मजा नाहीच. व्याज पगारातून भरायचं, शेअर विकून नाही, आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजाराच्या बाहेर ठेवायचा, ही पथ्यं पाळल्यावर जे उरतं तेवढंच धाडस परवडणारं असतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने शेअरच्या तारणावर माणशी कर्जाची मर्यादा वीस लाखांवरून एक कोटीवर नेण्याचा मनोदय जाहीर केला. देणाऱ्याची मर्यादा वाढली म्हणून घेणाऱ्याची वाढत नाही.

पण हा सगळा हिशेब एकट्या माणसाचा झाला. आपल्याकडे कर्ज एकट्याचं कधी असतं? इंग्रजी पुस्तकांत जोखीम तुमच्या खात्यापुरती असते. पगारदार पतसंस्थेच्या कर्जाला मात्र दोन जामीनदार लागतात, आणि ते शेजारच्या टेबलावर बसलेले असतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने लिहून दिल्यावर हप्ता पगारातूनच कापला जातो. कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की जामीनदारही त्यात येतो. ऑप्शनमध्ये पैसे घालवणारा बदली करून, रजेवर जाऊन किंवा नुसताच फोन बंद ठेवून काही दिवस काढू शकतो. जामीनदाराला ती सोय नाही. त्याने सही केली होती ती 'घरदुरुस्ती'वर.

शासकीय कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियमांनी शेअरमध्ये सट्टा करायला मनाई केलेली आहे. म्हणून खातं बऱ्याचदा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर असतं आणि लपवाछपवी आणखी एका पातळीने वाढते. तोटा झाल्यावर मदत मागायलाही तोंड राहत नाही. मग पतसंस्थेचं कर्ज फेडायला बँकेचं, बँकेचं फेडायला सोनं, आणि शेवटी शेकडा तीनने देणारा ओळखीचा माणूस. महिन्याला तीन, वर्षाला छत्तीस. या टप्प्यावर बाजार केव्हाच मागे पडलेला असतो.

उपाय म्हणून बाजारशिक्षणाचे वर्ग पुरेसे नाहीत. नांदेड-लातूरच्या मुलांना गणित येतं, क्लासेसच्या जोरावर ती डॉक्टर-इंजिनिअर होतात. ऑप्शनची सूत्रं त्यांना महिन्याभरात पाठ होतात आणि त्यानेच आत्मविश्वास वाढतो. मला त्यापेक्षा एक अगदी कारकुनी सुधारणा जास्त कामाची वाटते. पतसंस्थेच्या अर्जावर जामीनदाराच्या सहीच्या वर एक ओळ असावी : या रकमेतून शेअर, वायदे किंवा ऑप्शन्सचे व्यवहार होणार आहेत का, होय की नाही. लोक खोटं लिहितील, हे मान्य. पण आज खोटं लिहावंच लागत नाही, कारण विचारतच नाहीत. सहकाऱ्याच्या देखत, त्याने सही करायच्या आधी, 'नाही'वर खूण करताना हात थोडा तरी अडखळेल. आणि 'होय' लिहिणाऱ्याला जामीन राहायचं की नाही, ते जामीनदार डोळे उघडे ठेवून ठरवील. संचालक मंडळांना ही ओळ आवडणार नाही. कर्जवाटप वाढलं की लाभांश वाढतो, आणि वार्षिक सभेत सभासद पहिल्यांदा लाभांशाचाच आकडा विचारतात.